बाहेरची फेरी

माझी डावी बरगडी दुखते. नेमकी कुठली, असं डॉक्टर विचारतात. मी बोट ठेवतो. ते तिथे दाबतात, दुखत नाही. खोकलो तर दुखत नाही, हसलो तर दुखत नाही, वरच्या फळीवरून पिठाचा डबा काढला तरी दुखत नाही. झोपेत तर आपल्याला बरगड्या आहेत हेही मला कळत नाही. दुखते ती फक्त तलावात. चार फेऱ्या झाल्या की आतून कुणीतरी कोपर खुपसल्यासारखी कळ येते, आणि मी काठावर येऊन टॉवेल गुंडाळला की तीच बरगडी अशी साळसूद होते की जणू तिने काही केलंच नाही.

खरं तर मला ह्याचं नवल वाटायला नको. मी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. 'लिफ्ट कुरकुरते' म्हणून फोन यायचा. मी हत्यारांची पिशवी घेऊन जायचो, लिफ्ट वर न्यायचो, खाली आणायचो. हूं की चूं नाही. बोलावणारी मंडळी ओशाळून एकमेकांकडे बघायची. मी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो की वरून हाक, "अहो, पुन्हा कुरकुरली!" असल्या लिफ्टला एकच औषध. ती रिकामी फिरवून उपयोग नाही. आत माणसं भरायची, आपण त्यांच्यात अंग चोरून उभं राहायचं आणि वर-खाली करत कान लावून ऐकायचं. अंगावर भार पडल्याशिवाय खोट तोंड उघडत नाही.

हे मी डॉक्टरांना सांगून पाहिलं. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीचा शाळेतला वर्गमित्र. मला काका म्हणतो आणि तपासताना हात गार असल्याबद्दल आधीच माफी मागतो.

"काका, बरगड्यांचा फोटो स्वच्छ आहे. हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. फुप्फुसं तर दृष्ट लागण्यासारखी आहेत."

"मग दुखतं ते काय?"

"ते मला माहीत नाही."

'माहीत नाही' म्हणणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला. त्या दिवसापासून माझा त्याच्यावर विश्वास बसला. बरगडीचा मात्र बसला नाही.

"तू मला टेबलावर आडवं घालून तपासतोस," मी म्हटलं. "ही रिकामी लिफ्ट झाली. पोहताना बघायला ये."

"मला पोहता येत नाही, काका."

"काठावर उभा राहा."

"मला काठाचीच भीती वाटते."

दरम्यान बाकीच्या जगाला माझ्या दुखण्याचं कारण कळलेलं होतं. शेजाऱ्यांच्या मते गॅस. न्हाव्याच्या मते उशी. माझ्या धाकट्या भावाच्या मते पूर्वीपासून माझा स्वभावच आतल्या गाठीचा, आणि ती गाठ आता बाहेर यायला बघत होती. मुलीचं मत फोनवरून यायचं, दर रविवारी, जेवायच्या वेळेला.

"बाबा, चालताना दुखतं?"

"नाही."

"मग चाला ना! व्यायाम तो व्यायाम. पोहायलाच हवं असं कुणी सांगितलंय?"

ह्यावर मी आमटी जास्त गरम असल्याचं सांगून फोन ठेवायचो. पण एका रविवारी तिने डॉक्टरलाही फितवलं. दोघांचं ठरलं: महिनाभर वाट बघायची, नाही थांबलं तर पोहणं बंद. माझ्या शरीराबद्दलच्या ह्या बैठकीत माझं शरीर सोडून सगळे हजर होते.

पोहणं बंद म्हणजे काय, हे त्यांना सांगणार कसं? सांगायला गेलो असतो तर पोरगी रडली असती, आणि मी आमटी पुन्हा गरम केली असती.

आमचा तलाव जुना आहे. चौकोनी, फरशा जागोजाग उडालेल्या, आणि पाण्यात दोऱ्या नाहीत. दोऱ्या नाहीत म्हणून आपापल्या पट्टीत जाण्या-येण्याची सोय नाही. सगळे एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यासारखे, गोल फिरतात. जोरात पोहणारे आत, मध्याच्या जवळून. सावकाश पोहणारे बाहेर, काठ डाव्या हाताला ठेवून. दम लागला की काठ धरता येतो. हा शिरस्ता कुणी घातला कुणास ठाऊक. पण नवा माणूस उलट दिशेने पोहायला लागला की त्याच्याकडे सगळे अशा नजरेने बघतात, की तो आपण होऊन वळतो.

मी पोहायला लागलो तो चाळिशी उलटल्यावर. आयुष्य सगळं उभ्या दिशेने चाललं होतं; म्हटलं थोडं आडवंही जाऊन बघावं. ही म्हणाली, "मी येते सोबतीला. मला थोडंफार येतं."

ही पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत होती. शहरभरातून बाटल्या यायच्या आणि कुठलं पाणी पिण्यालायक आहे ते ही सांगायची. तलावातल्या पाण्यात काय काय असतं ते तिला नावानिशी माहीत होतं. तरी ती रोज सकाळी त्यात उतरायची, ह्याला मी धैर्य म्हणतो. बोलणं मोजकं. बाटलीबद्दल पूर्ण खात्री झाल्याशिवाय शब्द काढायचा नाही, ही सवय तिने घरीही आणली होती, त्यामुळे पुष्कळ विषयांवरचं तिचं मत मला कधी कळलंच नाही.

कुठेही जायचं झालं की तिचं एक वाक्य ठरलेलं. "तुम्ही व्हा पुढे, मी आहे मागे." लग्नाला निघताना, बाजारात गर्दीत, जिन्यावर. तलावातसुद्धा. मी आतल्या फेरीला, ती बाहेर काठाला, माझ्या डावीकडे हातभर मागे. मी दर श्वासाला डावीकडे तोंड वळवायचो आणि ती दिसायची. ती म्हणजे पिवळी टोपी आणि पाण्यातून वर येणारा एक हात. आहे ना, ठीक आहे, म्हणून मी पुढचा हात टाकायचो. तिला कमीपणा वाटू नये म्हणून जरा सावकाशच पोहायचो मी. तसा माझा स्वभाव उदार आहे.

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष. आयुष्यभर 'तुम्ही व्हा पुढे' म्हणणारी बाई त्या एका वेळी मात्र न विचारता पुढे झाली.

घरात ती नाही हे पदोपदी कळतं. तिचं कपाट मुलीने रिकामं केलं, कुंड्या शेजारणीने नेल्या, तिची वाटी मी एकदा वापरली आणि पुन्हा वापरली नाही. पण तलावात तसं नसतं. तिथे ती तशीही फारशी दिसायची नाहीच. टोपी आणि हात, बस. चष्म्यावर वाफ धरली, डावीकडे कुणाच्या पायाने पाणी उडालं, तर क्षणभर वाटायचं की आहे. काठाच्या बाजूला माझ्या मागे तेवढी जागा मंडळी अजून मोकळी सोडतात. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. त्या जागेकडे बघायला मी रोज जात होतो, आणि नेमकं तिथेच जाऊ नका, असं बरगडी सांगत होती. महिना अर्धा सरला होता.

शेवटी भारासकट लिफ्ट तपासणारं माणूस शोधायचं ठरवलं. ते लांब नव्हतं. आमच्या तलावावर एक प्रशिक्षक बाई आहेत. उंच, सडसडीत, गळ्यात कायम शिट्टी. आम्ही त्यांना शिट्टीबाई म्हणतो, पाठीमागे. त्या मला लिफ्टवाले म्हणतात, तोंडावर. कित्येक वर्षं त्या त्याच काठावरून चालत आहेत, पण माझ्या पोहण्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. माणूस सुधारण्याची आशा सोडल्याची ही खूण असते.

"बाई," मी म्हटलं, "मी पोहतो. तुम्ही काठाने चाला आणि कुठे काय वाकडं होतंय ते सांगा."

"सगळंच सांगू की थोडं?"

"बरगडीपुरतं सांगा."

मी उतरलो. त्या माझ्याबरोबर काठाने चालत राहिल्या. दुसऱ्या फेरीला त्यांनी मान हलवली, तिसऱ्या फेरीला तोंडातली शिट्टी काढली, चौथीला कळ आली आणि मी काठ धरला.

त्या उकिडव्या बसल्या.

"एक विचारू? काय बघता तिकडे?"

"कुठे?"

"मागे."

"मी श्वास घेतो."

"श्वास घ्यायला लागणारी हवा तोंडापाशी असते, लिफ्टवाले. पायापाशी नसते. तुम्ही मान वळवत नाही, बरगड्यांसकट अख्खे मागे वळता. ओला टॉवेल पिळावा तसे. दर श्वासाला. त्यात हाताने पाणी ओढता. दुखेल नाही तर काय होईल?"

"पण हे तर मी पहिल्यापासून करतोय. तेव्हा कुठे दुखत होतं?"

"तेव्हा एवढे वळत नव्हतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेव्हा त्या हातभर मागे असायच्या. डोळा फिरवला की दिसायच्या. आता तिथे कुणी दिसत नाही, म्हणून तुम्ही आणखी मागे बघता. पुढच्या फेरीला आणखी थोडं मागे. अशाने एक दिवस उताणे व्हाल."

मी काठाच्या फरशीकडे बघत राहिलो. तिथे एक उडालेला टवका होता. बराच वेळ बघण्यासारखा.

"सवय आहे," मी म्हटलं. "ती सावकाश पोहायची ना. मागे राहिली तर घाबरेल, म्हणून लक्ष ठेवायचो."

"कोण सावकाश?"

"ही."

शिट्टीबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी उलट दिशेने पोहत होतो.

"तुम्ही मेकॅनिक ना?"

"होय."

"आतली फेरी मोठी की बाहेरची?"

"बाहेरची. हे काय विचारणं झालं?"

"त्या कुठे असायच्या?"

दोरखंड कुठल्या चाकावरून किती फिरेल ह्याचा हिशेब मी झोपेतही सांगायचो. मोठ्या चाकाचा काठ जास्त पळतो, हे मी नव्या पोरांना शिकवलं. आणि इतकी वर्षं माझ्या डाव्या हाताला एक माणूस बाहेरच्या फेरीने, माझ्यापेक्षा जास्त अंतर कापत, बरोबर हातभर मागे राहून पोहत होतं, आणि मी मात्र त्याला सांभाळून घेत होतो.

"सुट्टीच्या दिवशी तुमचा फोन वाजायचा," बाई सांगू लागल्या. "कुठेतरी लिफ्ट अडकलेली असायची. तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून पळायचात. तुम्ही फाटकाबाहेर पडलात की त्या आत यायच्या. मध्याला. मग बाकीचे आपणहून काठाला उभे राहायचे."

"कशाला?"

"बघायला."

"एवढं काय बघायचं?"

"ते सांगता यायचं नाही. पाणी उडायचं नाही, आवाज नाही. मी पुष्कळांना शिकवलं, पण तसं…" त्यांनी हात हवेत आडवा नेला आणि सोडून दिला. "लहानपणी नदीत शिकल्या होत्या म्हणे."

नदी. मला नदी माहीत नव्हती. 'थोडंफार येतं' एवढंच माहीत होतं.

"तुम्ही मला बोलला नाहीत."

"मी एकदा म्हटलं होतं त्यांना, अहो, सांगा की घरात. तर म्हणाल्या, ह्यांना मधेच धाप लागते आणि हे कुणाला सांगत नाहीत. मागे कुणीतरी असलेलं बरं. आणि म्हणाल्या," इथे शिट्टीबाई चक्क हसल्या, "ह्यांना वाटतं हे मला सांभाळतात. वाटू दे. त्याने छान पोहतात."

मी घरी आलो. आधी मला राग आला. कुणाचा ते ठरेना, म्हणून मी स्वयंपाकघरातला गळका नळ उघडून दुरुस्त केला. त्याला मुळात फारसं काही झालेलं नव्हतं. मग राग गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते बरगडीपेक्षा वाईट होतं. दुखण्याची जागा तरी दाखवता येते.

मी तिला जोरात पोहताना एकदाही पाहिलं नव्हतं. अनोळखी माणसं घटकाभर लिफ्टमध्ये अडकली म्हणून मी धावत जायचो. त्यांनाही सोडवायचो, तिलाही. माझा पाय फाटकाबाहेर पडला की सगळ्या जगाने जे पाहिलं, ते पाहायला मीच तेवढा नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून मी एक नवा उद्योग सुरू केला. तलावावर जायचं आणि जुन्या मंडळींना गाठायचं. आधी दातांचे डॉक्टर सापडले.

"कशी पोहायची हो आमची ही? सुट्टीच्या दिवशी?"

ते टोपी घालता घालता थांबले. "टोकाला वळायच्या ना, तेव्हा दिसायच्याच नाहीत. इथे बुडाल्या की तिथे निघाल्या. मी एकदा तसं करायला गेलो. भिंतीवर टाच आपटली. अजून दुखते."

मग फुलांचं दुकान चालवणारी बाई. ती म्हणाली, "मला तर वाटायचं त्या कुणावर तरी रागावल्यात."

"कुणावर?"

"ते मी कशाला विचारू? पण बाहेर यायच्या तेव्हा हसत असायच्या."

"हसत कशी? म्हणजे दात दिसायचे की नुसतं…"

"अहो लिफ्टवाले, पाणी गळत असायचं तोंडावरून. हसत होत्या एवढं खरं."

हसत होती. घरी येऊन ती विचारायची, "निघाली का माणसं बाहेर?" मी म्हणायचो, निघाली. मी विचारायचो, "तुझं काय? झालं पोहणं?" ती केस पुसत म्हणायची, "झालं थोडंफार."

प्रत्येकाकडून मी एकेक तुकडा गोळा केला. एकाच्या मते ती पाण्याखालून जास्त जायची, दुसऱ्याच्या मते पाण्यावरून. एक गृहस्थ म्हणाले, फार सुंदर. चौकशीअंती त्यांना दुसऱ्याच बाई आठवत होत्या. ते सगळे तुकडे डोळे मिटून जोडायला बसलो तरी पिवळी टोपी माझ्या डावीकडे हातभर मागेच येऊन थांबायची. तेवढंच मला येतं.

महिना संपायला आला तेव्हा शिट्टीबाईंनी मला पाण्यात बोलावलं. "आता पोहा. आणि मागे बघायचं नाही. मागे कुणी नाहीये."

दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर मी घरी निघून गेलो असतो. पण बाईंचं म्हणणं खरंच होतं. मागे कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. मागे राहण्याइतकी ती सावकाश नव्हतीच मुळी. आता माझी धाप सांभाळायची जबाबदारी तिच्यावर नाही. ती आपल्या चालीने पोहत असणार, मध्यातून, पाणी न उडवता. म्हणजे बघायचंच तर पुढे बघायला हवं.

मी पुढे बघत पोहलो. चौथी फेरी झाली, पाचवी झाली. कोपर खुपसणारं कुणी आलं नाही. सहाव्या फेरीला जरासं आलं, पण ओळखीच्या माणसाने जाता जाता धक्का मारावा इतपतच.

डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्याला बरं वाटलं. "बघा काका, गेली ना बरगडी!"

"बरीचशी गेली. आता मान दुखते."

"मान? कशाने?"

"पुढे बघून."

त्याने मान दाबली. दुखली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. "पोहतानाच का?" त्याने विचारलं. मी होय म्हटलं. मुलीला त्याने फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही, पण पुढच्या रविवारी तिने पोहण्याचा विषय काढला नाही. आमटी कशी झालीय एवढंच विचारलं.

आता शिट्टीबाईंची शिट्टी रोज वाजते. "लिफ्टवाले, मान खाली! पुढे काय भिंत हलतेय का?" मी मान खाली घालतो. दोन हात झाले की पुन्हा वर येते.

काल मात्र एक गोष्ट लक्षात आली, आणि तेव्हापासून मी मान बराच वेळ खाली ठेवू लागलो आहे. आमच्या तलावात सगळे गोल फिरतात. गोल फिरताना एखादं माणूस फारच पुढे गेलं, की ते शेवटी मागून येतं. मेकॅनिकला हे कुणी सांगायला नको. काल शेवटच्या फेरीला डावीकडे, हातभर मागे, पाणी किंचित हललं. बरगडी वळायला निघाली होती. मी तिला आवरलं. इतकी वर्षं वळून बघितलं म्हणूनच तर ही मागे राहिली.

मी उजवीकडे सरकलो आणि तिला पुरेल एवढी वाट ठेवली. वेग कमी केला नाही. कुणी असेल तर ओलांडून जाईल, आणि जाताना दिसेल.